सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलांमधली मेंदूबाहेरची जन्मजात व्यंगं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी मुंबईत लहान मुलांना फिजिओथेरपी देते. पालक प्रश्न विचारतात ते मॅटवर बसल्याबसल्या, लिफ्टच्या रांगेत आणि आता रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर, रिपोर्टच्या अंधुक फोटोसकट. तेच तेच पुन्हा येतं म्हणून इथे एकत्र करून ठेवते आहे.

एक तक्रार आधीच नोंदवते. सीपीचं निदान झालं की मुलाचं सगळंच त्या खात्यावर मांडलं जातं. दूध नाकातून येतं? सीपी. वजन वाढत नाही? सीपी. माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी यायची. "सीपीमुळे दमते" असं फाइलमध्ये लिहिलेलं. पाच मिनिटं बसवलं की कपाळावर दरदरून घाम. एकदा तिला उचलताना तळहात छातीवर टेकला आणि आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं छिद्र होतं. फाइल चार वर्षांची आणि त्यात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकही नाही.

१. सीपी म्हणजेच जन्मजात व्यंग ना? मग हे "मेंदूबाहेरचं" काय प्रकरण?

सीपी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने किंवा मेंदूची घडणच वेगळी झाल्याने हालचालीत आणि अंगाच्या ठेवणीत राहिलेला कायमचा दोष. ही इजा पोटात होते, बाळंतपणात होते, कधी जन्मानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदुज्वराने किंवा डोक्याला मार लागूनही होते. त्यामुळे सीपीचं प्रत्येक मूल व्यंग घेऊन जन्मलेलं नसतं.

जन्मजात व्यंग म्हणजे एखादा अवयव पोटात घडतानाच वेगळा घडणं. इथे आपण मेंदू आणि मज्जारज्जू बाजूला ठेवून बाकीचं बोलतोय: हृदय, ओठ आणि टाळू, हात-पाय, डोळे, कान, मूत्रपिंडं, आतडी, जननेंद्रियं. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेली, म्हणजे स्पायना बिफिडाची मुलं यात येत नाहीत. त्यांचे पाय लुळे असले तरी तो मज्जारज्जूचा दोष आहे, सीपी नाही.

२. दोन्ही एकत्र असणं किती मुलांत दिसतं?

कुठल्याही शंभर बाळांमध्ये दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. युरोपातल्या सीपीच्या नोंदवह्या एकत्र करून २००८ मध्ये एक अभ्यास आला. त्यात ४,५८४ मुलांपैकी ५४७ मुलांना, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांना, व्यंग होतं. त्यातली बहुतेक व्यंगं मेंदूचीच. बाहेरच्यांत पुढे होती ती हृदयाची, ओठ-टाळूची आणि हातापायांची. पुढे सीपीच्या नोंदी जन्मजात व्यंगांच्या नोंदींशी जोडून पाहिल्या गेल्या, तेव्हा आकडा बराच वर गेला. जितकं शोधाल तितकं सापडतं.

वेळेआधी जन्मलेल्यांपेक्षा पूर्ण दिवसांच्या बाळांत हे जास्त दिसतं. म्हणून "नऊ महिने भरले होते, वजन चांगलं होतं, तरी सीपी कशी?" असं विचारणाऱ्या पालकांनी प्रश्न ११ नक्की वाचावा.

३. हृदयाच्या दोषामुळे सीपी झाली की सीपीमुळे हृदय बिघडलं?

सीपीमुळे हृदयात छिद्र पडत नाही. गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत हृदयाचा मूळ आकार तयार झालेला असतो. बाकी संबंध कसे लागतात ते सांगते.

कधी दोन्हींमागे कारण एकच असतं. जनुकातला एखादा दोष मेंदू आणि हृदय दोन्हींच्या घडणीत लुडबुड करतो. किंवा गरोदरपणातला संसर्ग. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकामागोमाग एक मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. चौकशी केली तर बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेलेला. मोतीबिंदू, हृदयदोष आणि बहिरेपण हे रुबेलाचं ठरलेलं त्रिकूट. मेंदूलाही तो सोडत नाही. दुसरा संसर्ग सायटोमेगॅलो विषाणूचा, ज्याला सगळे सीएमव्ही म्हणतात. त्याने मेंदू आणि ऐकणं दोन्हींना इजा होऊ शकते. ऐकणं कधी जन्माच्या वेळी ठीक असतं आणि पुढे हळूहळू कमी होतं.

कधी अवयवाचा दोष मेंदूला इजा करतो. निळं पडणाऱ्या बाळांच्या हृदयदोषात रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते आणि अंगाची एक बाजू कमजोर होते. मोठ्या हृदय ऑपरेशनच्या आसपासही असं घडू शकतं.

जुळ्यांची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. एकच वार असलेल्या जुळ्यांपैकी एक पोटातच गेलं, तर वाचलेल्याच्या रक्तपुरवठ्यात अचानक गडबड होते. मग मेंदूबरोबर आतड्याचा तुकडा, मूत्रपिंड किंवा हातापायाचा भागही बाधित होऊ शकतो. "सोनोग्राफीत आधी दोन दिसली होती" ही गोष्ट आजीला आठवते, आईच्या फाइलमध्ये नसते. डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि कधी दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने एकत्र येतात.

४. बाळ रडलं नाही, पायाळू होतं, म्हणून हे सगळं झालं असं आम्हाला सांगितलं. खरं का?

काही मुलांत खरं असतं. बाळंतपणात प्राणवायू कमी पडून सीपी होते, यात शंका नाही. पण त्याने हृदयात छिद्र पडत नाही आणि ओठ फाटत नाही. ही व्यंगं असतील तर गोष्ट पोटातच सुरू झाली होती, असा अर्थ निघतो.

हा वाद जुना आहे. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठर पाय यांचा संबंध मांडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, तेच मनोविश्लेषणवाले) उलट शंका काढली की अवघड बाळंतपण हेच आधीच्या बिघाडाचं लक्षण असू शकेल. ज्या बाळाची हालचाल पोटातच कमी, ते फिरून डोक्यावर येत नाही, पायाळू राहतं. जे आधीच नाजूक आहे, त्याला कळांचा ताण झेपत नाही, ते रडत नाही. प्रत्येक पायाळू बाळाला हे लागू नाही. कित्येक ठणठणीत असतात. पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली मी अनेक फायलींत पाहिली आहे, आणि त्यापायी एखाद्या सुईणीला नाहीतर सुनेला वर्षानुवर्षं बोल लावलेलाही पाहिला आहे.

५. मुलगा काचेच्या पेटीत होता तेव्हा "हृदयात नळी उघडी" सांगितलं. हे व्यंग धरायचं?

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळात सहसा नाही. ती नळी पोटात सगळ्यांचीच उघडी असते आणि जन्मानंतर मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मिटायला उशीर होतो. अशा बाळांतला हर्निया, खाली न उतरलेला अंडकोष (प्रश्न १४) आणि डोळ्याच्या पडद्याचा आजारसुद्धा अपुऱ्या दिवसांचीच देणगी. पूर्ण दिवसांच्या बाळात तीच नळी महिनोन्महिने उघडी राहिली, तर मात्र तो हृदयदोष. नळी बंद झाली हे सांगणारा शेवटचा इको फाइलमध्ये आहे का, तेवढं पाहा.

६. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा निखळलेला आला. जन्मतःच होता का?

सीपीच्या मुलात बहुधा नंतर झालेला असतो. जन्मावेळी सांधा जागेवर असतो. मांड्या आत ओढणारे ताठ स्नायू वर्षानुवर्षं खेचत राहतात आणि मूल उभं राहत नाही, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो. सीपीच्या साधारण एक-तृतीयांश मुलांत असं सरकणं दिसतं. आधाराशिवाय चालणाऱ्यांत जवळजवळ नाही, मान आणि धड न धरणाऱ्यांत मात्र बहुतेकांत.

दुखत नाही तोवर कुणाचं लक्ष जात नाही, हीच मेख. लंगोट बदलताना मांड्या पूर्वीइतक्या फाकत नाहीत, ही पहिली खूण आईच्या हाताला कळते, डॉक्टरला नाही. मूल साधारण दोन वर्षांचं झालं की कमरेचा पहिला एक्स-रे, आणि मग मुलाच्या तीव्रतेनुसार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा. गोळ्याचा किती टक्के भाग वाटीबाहेर आहे ते मोजतात. ३० च्या वर गेला की हाडांच्या डॉक्टरांकडे.

जन्मतःच खुबा निखळलेला असण्याचा आजार वेगळा आहे. तो मुलींत आणि पायाळू बाळांत जास्त. सीपीच्या मुलाला तोही असू शकतो, म्हणून अगदी तान्हेपणीचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी असेल तर फेकू नका. नंतरच्या एक्स-रेशेजारी ती धरली की उत्तर मिळतं.

पायांचंही तसंच. जन्मतःच आत वळलेलं पाऊल म्हणजे क्लबफूट. त्याला दर आठवड्याला प्लॅस्टर बदलून पाऊल सरळ करतात, मग रात्रीचे बूट-पट्टी. दोन वर्षांचं झाल्यावर टाच उचलून चालायला लागलं तर ते पोटरी ताठ झाल्याने. पाठीचा बाक सीपीत बहुतेकदा नंतर येतो. पण एक्स-रेत मणकाच अर्धा घडलेला किंवा दोन मणके जुळलेले दिसले, तर ते जन्मजात, आणि तेव्हा मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घ्यावी.

७. "टाळू भरली नाही" म्हणजे टाळू फाटलेली का?

नाही. मराठीत दोन्हींना टाळूच म्हणतात, म्हणून घोळ. डोक्यावरचा मऊ खळगा तो एक, साधारण दीड वर्षापर्यंत भरतो. तोंडातलं छत ते दुसरं. फोनवर विचारताना "डोक्यावरची" की "तोंडातली" एवढं सांगा, माझा अर्धा तास वाचतो.

८. घास आणि दूध नाकातून येतं. सीपीत असं होतंच म्हणतात.

सीपीत गिळणं बिघडतं, लाळ गळते, ठसका लागतो, हे खरं. पण नाकातून वारंवार येत असेल तर तोंडात टॉर्च मारून पाहायला सांगा. ओठ शाबूत असला तरी आतली टाळू फाटलेली असू शकते. कधी वरची कातडी अखंड असते आणि खालचा स्नायू दुभंगलेला; मग पडजीभ दोन टोकांची दिसते, टाळूच्या मधोमध फिकट निळसर रेघ दिसते. हे सहज नजरेतून सुटतं. असं मूल बोलायला लागलं की सगळं नाकातून बोलतं आणि तेही सीपीच्या खात्यावर जातं.

फाटलेल्या टाळूबरोबर हृदयदोष, आणि रक्तात कॅल्शियम कमी होऊन आलेले झटके असतील, तर बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असण्याची शक्यता डॉक्टरांपुढे बोलून दाखवा.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत करतात. "सीपी आहे, करून काय उपयोग" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. खाणं सुधारतं, कान फुटणं कमी होऊ शकतं, छातीत दूध जाण्याचा धोका वेगळा तपासता येतो.

९. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून ओठ फाटला.

ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. ग्रहण पाचव्या महिन्यात लागलं असेल, तर ओठाचा निकाल केव्हाच लागलेला होता. सासूबाईंना तारखा मोजून दाखवा. वाद घालण्यापेक्षा कॅलेंडर बरं.

१०. आम्ही मामाच्या मुलीशी लग्न केलंय. त्यामुळे?

असू शकतं, नसूही शकतं. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात मोठ्या जन्मजात व्यंगाची शक्यता साधारण दुप्पट होते: शंभरात दोन-तीनऐवजी चार-सहा. म्हणजे नव्वदहून जास्त बाळं धडच असतात. पण मुलाला सीपी आणि आणखी व्यंग असेल, तर नात्यातलं लग्न ही माहिती जनुकतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्या. "लाज वाटली म्हणून सांगितलं नाही" यात वर्षं जातात.

११. कोणत्या तपासण्या मागाव्यात?

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. मला विचाराल तर सीपीच्या प्रत्येक मुलाचे डोळे आणि कान एकदा नीट तपासलेले असावेतच. कानांसाठी झोपेत होणारी बेरा चाचणी. पूर्ण दिवसांचं बाळ, बाळंतपणात काही घडलं नाही, एमआरआयमध्ये इजा दिसत नाही किंवा मेंदूची घडणच वेगळी दिसते, आणि शरीरात आणखी एक तरी व्यंग आहे, अशा मुलाला टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी आणि जनुकीय तपासणी यांबद्दल डॉक्टरांशी बोला. गुणसूत्रांची मायक्रोअॅरे आणि जनुकांची एक्झोम अशा दोन पातळ्या असतात. कुठली आधी, ते जनुकतज्ज्ञ ठरवतील.

सीएमव्हीची जन्मजात लागण ठरवायला लघवी किंवा लाळ पहिल्या २१ दिवसांत तपासावी लागते. दोन वर्षांच्या मुलाची आज केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काही ठरत नाही. लागण नंतरही होते.

१२. हातावर एकच आडवी रेघ आहे, कान जरा खाली आहेत. घाबरायचं?

एकट्या रेघेला नाही. ठणठणीत माणसांतही ती असते. आधी आईबाबांचे हात आणि कान पाहा. अशा बारीक खुणा तीन किंवा जास्त असतील, तर आत एखादं मोठं व्यंग असण्याची शक्यता वाढते. मग प्रश्न ११.

१३. हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हात-पाय ताठ झाले. याला सीपी म्हणायचं का? आता पायाच्या ऑपरेशनला भूल चालेल?

म्हणतात. इजा लहान वयात, वाढत्या मेंदूला झाली आणि ती स्वतः वाढत नाही, तर ती जन्मानंतर आलेली सीपी. हृदयदोष मात्र जन्मजातच.

भूल देता येते, पण भूलतज्ज्ञांना हृदयाची फाइल आधी दिसली पाहिजे. आदल्या रात्री नव्हे, तारीख ठरतानाच. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) चालू असेल तर ते स्वतःहून अचानक बंद करू नका. एकदम बंद केल्याने ताठरपणा उसळतो, ताप आणि झटकेही येऊ शकतात. "उपाशी ठेवा" सांगितलं म्हणून सकाळचा डोस चुकवलेली मुलं मी पाहिली आहेत. डोस कसा द्यायचा ते विचारून लिहून घ्या. झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही सांगा, त्याचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. काही हृदयदोषांत दात काढण्याआधीही अँटिबायोटिक लागतं.

१४. अंडकोष खाली नाही. थांबायचं?

सहा महिन्यांपर्यंत. नंतर मुलांच्या सर्जनकडे; ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. सीपीच्या मुलांत आधी खाली असलेला अंडकोष पुढे वर चढू शकतो, म्हणून आंघोळीच्या वेळी अधूनमधून पाहत जा.

१५. दिव्यांग प्रमाणपत्रावर हृदयदोष धरतात का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सीपी आहे, ऐकणं, दिसणं, वाचा-भाषा आहे. हृदयदोष नाही. फाटलेली टाळूही त्या नावाने नाही. बोलण्यावर परिणाम असेल तर वाचा-भाषेखाली तपासतात.

दोन प्रकार असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा पूर्ण घेतात. ९० मधून तो वजा करून उरेल त्याला लहान आकड्याने गुणतात आणि ९० ने भागून मिळवतात. ६० आणि ३० मिळून ९० नाही, ७० होतात. बोर्डासमोर भांडण्याआधी हे गणित करून जा.

१६. मुंबईत कुठे जायचं, आणि पैशांचं काय?

परळला वाडिया आणि केईएम एकमेकांना लागूनच, त्यामुळे मुलांचे डॉक्टर, सर्जन, इको एका फेरीत जमवता येतात. वाडिया १९२९ पासून मुलांचंच हॉस्पिटल. शीव, नायर, जेजे आहेतच. ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, कॅलिपर आणि पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था. विरार-बदलापूरहून येणाऱ्यांनी दोन ओपीडी एकाच दिवशी मागाव्यात. विचारलं तर कधीकधी मिळतं. इको, एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. हृदयदोष, फाटलेले ओठ-टाळू, क्लबफूट, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण हे त्यात येतात, वय १८ पर्यंत. अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. सीपीसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा एक लाखापर्यंत आहे आणि त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

१७. पुढच्या बाळाला होईल का?

कारण सापडलं असेल तरच नेमकं सांगता येतं. आई आणि बाबा दोघंही एकाच दोषी जनुकाचे वाहक असतील, तर दर गर्भारपणात चारात एक. म्हणून दिवस राहण्याआधी जनुकतज्ज्ञांना भेटा. रुबेलाची लस घेतली नसेल तर घ्या, पण त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करा. ते मज्जारज्जूच्या दोषापासून वाचवतं, सीपीपासून नाही. साखर आणि झटक्यांची औषधं आधीच डॉक्टरांना दाखवा. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदय, ओठ, हात-पाय दिसतात. सीपी दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल होती, फसवलं" असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

१८. हृदय दुरुस्त केल्यावर सीपी कमी होईल?

नाही. पण वर लिहिलेली मुलगी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी वीस मिनिटं बसायला लागली. ताठरपणा तोच, पण दमणं कमी झालं. वजनही तेव्हाच वाढलं.

१९. मुलगी आधी बसायची, आता बसत नाही. दोन व्यंगंही आहेत. सीपी वाढत चालली का?

सीपीतली मेंदूची इजा वाढत नाही. ताठरपणा, निखळलेला खुबा, दुखणं किंवा झटक्यांच्या औषधाची गुंगी यांमुळे मूल मागे पडल्यासारखं दिसतं. आधी ते तपासा (प्रश्न ६). हे काही नसेल आणि शिकलेलं खरंच जात असेल, तर सीपी हे निदानच पुन्हा तपासायला हवं. शरीरातल्या रासायनिक प्रक्रियांचे काही आजार सीपीसारखे दिसतात, आणि त्यांतल्या काहींवर आहार किंवा औषध आहे. मोबाइलमधले जुने व्हिडिओ शोधा, वाढदिवसाचे, थेरपीचे, तारखेने लावा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तीन महिन्यांनंतरची ओपीडी असेल तर फोन करून अलीकडची मागा.